शाळा सुटली, पोरगं घरी बसलं

विशेष शाळेचं वय साधारण अठराव्या वर्षी संपतं. तोवर सकाळी डबा, दप्तर, शाळेची गाडी, बाई असं काहीतरी चालू असतं. ज्यांना शाळा मिळालीच नाही त्यांच्या घरी निदान ‘अजून लहान आहे, होईल सुधार’ एवढी तरी आशा असते. अठरा पूर्ण झाली की दोन्ही संपतं. मुलगा घरी बसतो. त्याला दाढी येते, आवाज बदलतो, अंग भरतं. पण शर्टाची बटणं आईच लावते. मुलगी असेल तर तिला पाळी सुरू होऊन पाच-सहा वर्षं झालेली असतात आणि आई तिला शेजारच्या घरीसुद्धा एकटीला सोडत नाही. बाळंतपण, लसी, साखर, बीपी यांबद्दल आपण आरोग्याच्या पानावर पुष्कळ वाचतो. या मोठ्या झालेल्या मुलांबद्दल फार कमी लिहिलं जातं. म्हणून या वेळी त्यांच्याबद्दल, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांबद्दल.

कुर्डुवाडी हे जंक्शनचं गाव. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी इथून बार्शीकडं धावू लागली ती १८९७ साली. पुढं रेल्वेचं वर्कशॉप आलं. खलाशी, गँगमन, सफाई कामगार म्हणून आपली माणसं रेल्वेला लागली. आज त्यांची नातवंडं कुणी कारखान्यावर, कुणी सेंट्रिंगच्या कामाला, बाया शेतात किंवा धुण्याभांड्याला. घरातली दोन्ही कमावती माणसं सकाळी बाहेर पडतात तेव्हा पंचवीस वर्षांच्या मुलाचं काय करायचं? बऱ्याच घरांत याचं उत्तर एकच असतं: बाहेरून कडी. ही कडी कुणी हौसेनं लावत नाही. रुळ जवळ आहेत, रस्ता जवळ आहे, आणि टवाळ पोरंही जवळच आहेत. पण कडीमागं दिवसचे दिवस बसलेलं माणूस जे शिकलेलं असतं तेही विसरतं, हेही तितकंच खरं.

आधी शब्दांचं बघू. ‘येडा’ हा शब्द आपल्याकडं सरसकट वापरतात. वेड, म्हणजे मानसिक आजार, तो चांगल्या चालत्या-बोलत्या माणसाला मध्येच होऊ शकतो आणि औषधानं बराच आटोक्यात येतो. बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता यांची गोष्ट वेगळी आहे. यांचं मूळ मेंदूच्या वाढीत असतं. ते पोटात असताना, जन्मताना किंवा लहानपणी घडतं आणि आयुष्यभर राहतं. डाऊन सिंड्रोम हा गुणसूत्राचा फरक. यातलं काहीही गोळीनं जात नाही, लग्नानं जात नाही, उताऱ्यानं तर नाहीच नाही. पण शिकवलं तर माणूस तिशीतही शिकतो. हळू शिकतो, एवढंच. आपल्याकडं उतारे कुणी करत नाही असं आपण म्हणतो खरं. तरी अमावास्येला गुपचूप जाणारे आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एक कलम खास लक्षात ठेवण्यासारखं आहे: मंदबुद्धी माणसाच्या अंगी अलौकिक शक्ती आहे असं भासवून त्याच्यावर पैसे कमावणं हाही गुन्हा आहे. अशा मुलाला ‘देवमाणूस’ करून बसवणं म्हणजे त्याचा मान ठेवणं नव्हे.

आता तब्येत. ज्याला दुखतंय ते सांगता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर येतं. शांत असणारा मुलगा अचानक डोकं आपटायला लागला, जेवण टाकायला लागला, हात उगारायला लागला, की घरचे म्हणतात डोकं फिरलं. आधी दात बघा. कान बघा. पोट साफ होतंय का, लघवीला जळजळ आहे का, बघा. बद्धकोष्ठता ही साधी गोष्ट, पण बसून असणाऱ्या माणसात ती इतकी वाढते की अन्न तुटतं. हे सगळं तपासायला मोठा डॉक्टर लागत नाही, ग्रामीण रुग्णालय पुरतं. फक्त डॉक्टरांना एक वाक्य आवर्जून सांगायचं: ‘हा असा नव्हता, अमुक दिवसापासून असा वागतोय.’ झोपेच्या गोळ्या देऊन गप्प करणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

डाऊन सिंड्रोम असलेल्यांना थायरॉइड कमी पडण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून वर्षातून एकदा रक्त तपासावं. त्यांना ऐकायला आणि दिसायलाही लवकर कमी होतं. चाळिशीच्या पुढं त्यांच्यात विसरभोळेपणाचा आजार इतरांपेक्षा खूप आधी येऊ शकतो. येणारं-जमणारं काम विसरायला लागला तर तो ‘आळशीपणा’ समजू नका. सेरेब्रल पाल्सीत गिळायला त्रास असेल तर आडवं करून कधी भरवू नये. पाठीला आधार देऊन, मान किंचित पुढं करून, लहान घास. खाताना रोज ठसका आणि वारंवार न्यूमोनिया असेल तर अन्न फुफ्फुसात जातंय अशी शंका घ्यावी.

फिट येणं या मुलांत बरंच आढळतं. फिट आली की कांदा, चप्पल, तोंडात चमचा, हातात किल्ली यातलं काही करायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, आजूबाजूचं टोकदार हलवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर थेट दवाखाना. आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही. वर्षभर फिट आली नाही म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करणं सगळ्यात घातक. काही फिटच्या गोळ्यांनी हिरड्या सुजतात, तेव्हा रोज दात घासून देणं हाही त्या उपचाराचाच भाग.

मुलींचा प्रश्न आईच्या तोंडून फार हळू आवाजात येतो: पिशवी काढून टाकली तर? बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं, त्यामुळं हा उपाय डोक्यात येणं नवल नाही. पण इतिहास माहीत असू द्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारमान्य वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं की त्यांना पाळीतली स्वच्छता जमत नाही. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी त्यांनी मांडलेला मुद्दा आजही तितकाच खरा आहे: पिशवी काढल्यानं मुलीवरचा अत्याचार थांबत नाही, फक्त दिवस राहत नाहीत, म्हणजे अत्याचार लपतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्य करणारी कोणतीही शस्त्रक्रिया करता येत नाही. रक्तस्राव खरंच जास्त असेल तर त्यावर औषधं आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. स्वच्छता शिकवता येते. पाळी नसतानाच्या दिवसांत रोज थोडा वेळ पॅड लावून बसायची सवय, पॅड बदलायची ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेली पिशवी. सहा महिने लागतील. लागू द्या.

आणि कुणी हात लावला तर? ‘तिला काय कळतंय’ असं म्हणून मिटवून टाकू नका. ती बोलू शकत नसेल तर विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या मदतीनं तिचा जबाब घ्यायची आणि त्याचं चित्रीकरण करायची तरतूद आहे. दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणं हासुद्धा २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. अत्याचार करणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर ॲट्रॉसिटीचा कायदाही लागू होऊ शकतो, हे तक्रार लिहितानाच सांगायचं, नंतर नव्हे.

अठरा पूर्ण झाल्यावर आणखी एक गोष्ट बदलते, ती बहुतेक आई-बापांना ठाऊकच नसते. कायद्याच्या नजरेत मुलगा सज्ञान झाला. त्याच्या वतीनं बँकेत, कचेरीत सही करायचा आई-बापांचा हक्क आपोआप चालू राहत नाही. यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व अशा चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिच्याकडं अर्ज करून आई-बाप, भाऊ-बहीण किंवा जवळचं माणूस कायदेशीर पालक होऊ शकतं. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पालक झालेल्यानं सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा, म्हणजे काका-मामांनी जागा हडप करायची सोय राहत नाही. पालक नीट वागत नसेल तर समिती त्याला काढू शकते. या दाखल्यावर बँकेनं खातं चालवू द्यावं असं रिझर्व्ह बँकेनं २००७ सालीच सांगितलेलं आहे.

रेल्वेच्या घरांनी इथं जरा थांबावं. ज्याच्या घरात निवृत्त रेल्वे कर्मचारी आहे आणि कमावू न शकणारं दिव्यांग मूल आहे, त्या मुलाला आई-बापांच्या मागं आयुष्यभर कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळू शकतं. इतर मुलांसाठी असलेली पंचवीस वर्षांची अट त्याला नाही. पूर्वी उत्पन्नाची मर्यादा फार खाली होती. २०२१ मध्ये केंद्रानं ती सैल केली: मुलाचं स्वतःचं एकूण उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कौटुंबिक निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे आई किंवा बापाच्या शेवटच्या पगाराच्या तीस टक्के अधिक महागाई यापेक्षा कमी असलं की झालं. अडचण वेगळीच येते. बाप जातो, मग आई जाते, आणि मुलाचं नाव पीपीओवर नसतंच. दिव्यांगत्व आधीपासून होतं हे सिद्ध करायला दाखला नसतो, कारण ‘घरातली गोष्ट’ म्हणून कधी काढलाच नाही. मग तिशी-चाळिशीतला तो माणूस आणि त्याची वहिनी कचेऱ्यांच्या चकरा मारत राहतात. निवृत्त कर्मचाऱ्याला हयातीतच अशा मुलाचं नाव पीपीओवर चढवून घेता येतं आणि त्याच्यासाठी पैसे कुणी घ्यायचे त्या माणसाचं नावही देता येतं. जिथून पीपीओ निघाला त्या कार्यालयात एक अर्ज, सोबत दाखला. राज्य सरकारी नोकरीतल्यांच्या निवृत्तिवेतनातही अशी तरतूद आहे. या वस्तीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी तीस-पस्तीस वर्षं रुळांवर घाम गाळला. त्या नोकरीतला हा सगळ्यात मोलाचा तुकडा कागदाअभावी बुडू नये.

दाखला म्हणजे यूडीआयडी कार्ड. त्याची नोंद स्वावलंबन पोर्टलवर करायची आणि तपासणीला बहुधा सोलापूरच्या सिव्हिलला जायचं. बुद्ध्यांकाची चाचणी लागते, ती एका भेटीत होईलच असं नाही, तेव्हा जेवणाचा डबा आणि धीर दोन्ही बरोबर घ्या. कुर्डुवाडीहून सोलापूर रेल्वेनं ऐंशी किलोमीटरच्या आसपास. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि तिच्या सोबत्यालाही सेकंड क्लास व स्लीपरच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो. तोही त्याच चकरेत डॉक्टरांकडून भरून घ्यावा.

कार्ड हातात आलं की दोन अर्ज लगेच करावेत. माढ्याच्या तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा: ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्यांचं अनुदान २०२५ मध्ये महिना १५०० वरून २५०० रुपये झालं. आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचा. हा विमा वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा, वरच्या चार प्रकारांसाठी. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला नोंदणीला २५० रुपये आणि दरवर्षी नूतनीकरणाला ५० रुपये. आधीपासून आजार आहे म्हणून नाकारत नाहीत, वयाची अट नाही, आणि नुसतं दवाखान्यात भरती झाल्यावरच नव्हे, बाहेरून घेतलेली औषधं, फिजिओथेरपी, येण्याजाण्याचा खर्च यांचेही पैसे ठरलेल्या मर्यादेत परत मिळतात. फिटच्या गोळ्यांची पावती केराच्या टोपलीत टाकणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पैशाचं असं काही होतं. पण आई-बापांच्या झोपेत येणारा प्रश्न पैशाचा नसतो. आमच्यामागं कोण? महाराष्ट्रात याची काही उत्तरं लोकांनी उभी केली आहेत. मुळशी तालुक्यात कोळवणला १९९४ पासून साधना व्हिलेज आहे. तिथं बौद्धिक दिव्यांग प्रौढ माणसं घरासारख्या घरांत राहतात, शेतात आणि स्वयंपाकघरात वाट्याचं काम करतात. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेनं, म्हणजे अशाच मुलांच्या आई-बापांनी एकत्र येऊन, घरकुल उभं केलं. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी साधी आहे: बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर काढण्याचा नियम या मुलांना लावू नका, कारण ती जाणार कुठं? सरकारी कागदावर अठरा हा आकडा छान दिसतो. ज्या मुलीला रस्ता ओलांडता येत नाही तिच्यासाठी तो आकडा म्हणजे रस्त्यावर टाकणंच.

अशा ठिकाणी जागा मोजक्या, आणि आपल्या घरांना परवडणाऱ्या त्याहून कमी. शिवाय प्रत्येकाला गाव सोडायला का लावायचं? कुर्डुवाडीत काय होऊ शकतं ते बघू. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात आजारपण, वार्धक्य, विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा विषय आहे, हे आपल्याला पाठ असतं. त्याच संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडं सोपवता येतील अशा कामांच्या यादीत, अपंग आणि मतिमंद व्यक्तींच्या हिताचं रक्षण नाव घेऊन लिहिलेलं आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठीही तसंच. ते आपण फारसं वाचत नाही. आणि महाराष्ट्रात नगरपरिषदा, ग्रामपंचायती यांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. हा निधी बहुधा वर्षातून एकदा थोडी थोडी रक्कम वाटून संपवतात. वाटप झालं की फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी दाराला पुन्हा कडी. माझ्या मते हीच रक्कम एका दिवसभराच्या केंद्राला, एका प्रशिक्षित बाईच्या मानधनाला मागावी. मागणीचा अर्ज वस्तीच्या वतीनं, लेखी, पोच घेऊन. माहितीच्या अधिकारात आधी विचारा की गेल्या तीन वर्षांत हा निधी कशावर खर्च झाला.

तोवर विहार आहेच. बहुतेक ठिकाणी आठवड्यातल्या दुपारी विहाराला कुलूप असतं. मंगळवार-शुक्रवार दोन ते पाच एवढंच ठरवलं तरी चालेल. तीन-चार घरांतली ही मुलं आणि त्यांच्याबरोबर पाळीनं बसणाऱ्या दोन बाया, एक तरुण. शेंगा फोडणं, वाती नव्हे तर मेणबत्त्या बनवणं, कागदी पिशव्या चिकटवणं, सतरंजी झटकणं, जयंतीच्या पताका कापणं. काम खरं असावं, नुसता खेळ नको, मोठ्या माणसाला लहान मुलासारखं वागवलेलं कळतं. दार उघडं असावं आणि कधीही कुणा एकाच माणसाच्या ताब्यात कुणाला देऊ नये. बसायचे ते दोघं-तिघं मिळूनच. त्या तीन तासांत आईनं काय करायचं हे कुणी विचारू नये. ती झोपली तरी चालेल. बहुतेक झोपतीलच. पन्नाशीतल्या या आयांची कंबर गेलेली असते, बीपीची गोळी मुलाच्या धावपळीत राहून जाते, स्वतःचा दवाखाना ‘पुढच्या महिन्यात’ असतो. आशाताईंनी यांचं बीपी आणि साखर विहारातच तपासली तर एका फेरीत दोन कामं होतील.

एक कागद मात्र प्रत्येक घरानं पहिल्याच दिवशी आणायचा. मुलाला काय आवडतं, काय पचत नाही, कोणती गोळी किती वाजता, फिट येण्याआधी तो काय करतो, शौचाला जायचं असलं की कसा खुणावतो, कशाला घाबरतो, चिडला की कशानं शांत होतो, कुणाचं ऐकतो. कुणाकडं फटाक्यांचा आवाज चालत नाही, कुणाला पाण्यात बोट फिरवत बसलं की बरं वाटतं. हे सगळं आज फक्त आईच्या डोक्यात आहे. वस्तीतल्या कॉलेजला जाणाऱ्या एखाद्या मुलीनं रविवारी तिच्याजवळ बसून ते लिहून काढावं, दोन प्रती कराव्यात, एक विहारात ठेवावी आणि एक घरात, आधार कार्ड आणि पीपीओच्या त्याच पिशवीत.